तोट्टी आणि तोटी

मागच्या अंगणातला नळ गळत होता तोवर बुलबुलाचं बरं चाललं होतं. मालोजीराव लाडांनी मार्चमध्ये नळाचं वायसर बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पक्षी आला, कोरड्या नळाच्या तोंडाशी पंख फडफडवत लटकला, दोनदा चोच आत घालून पाहिली आणि उडून गेला. तिसऱ्या दिवशीही आला. मालोजीराव स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते.

बंगळुरूत तो उन्हाळा पाण्याच्या ओरडीचा होता. जयनगरातल्या त्यांच्या गल्लीत तीन बोअरवेल आटल्या होत्या आणि टँकरवाल्याला लोक पहाटेपासून फोन लावत होते. अशा दिवसांत मिनिटाला चाळीस थेंब गळणारा नळ तसाच ठेवणं मालोजीरावांना जमणारं नव्हतं. थेंब त्यांनी मोजले होते. एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये ते छत्तीस वर्षं तपासनीस होते. मोजायची हत्यारं स्वतः बरोबर मोजतात की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या टेबलावरून चुकीचं माप सही होऊन पुढं गेलं असं कधी घडलं नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ही गोष्ट ते बोलण्यात कुठं ना कुठं आणत. त्यांच्या पत्नी गोजराबाईंना ती पाठ झाली होती.

नळाची दुरुस्ती बरोबर होती, पण तिनं कुणाचं तरी पाणी तोडलं होतं. त्यांनी दुसरी सोय करायची ठरवली.

घरामागं सहा फूट रुंदीची पट्टी आहे. कपडे धुवायचा दगड, एक कढीपत्ता, एक पपई, आणि शेजारच्या नारळाची सावली. कोपऱ्यात इडलीचं पीठ वाटायचा जुना दगडी रगडा पालथा पडला होता. मिक्सर आल्यापासून तीस वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. पहार आणि लोखंडी पाइपचे दोन तुकडे घेऊन मालोजीरावांनी तो एकट्यानं कढीपत्त्याखाली सरकवला. त्याला दोन दिवस लागले आणि पुढचे चार दिवस कंबर धरली. दगडाच्या बुडाला त्यांनी आरपार भोक पाडून रबरी बूच बसवलं, म्हणजे पाणी सोडून देता यावं. वर कट्ट्यावर वीस लिटरचा कॅन ठेवला. त्याला छोटा पितळी नळ जोडला आणि नळाला सलाइनची नळी. गोजराबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ती नळी घरी आली होती. चांगली वस्तू टाकायची नाही हा लाडांच्या घरचा नियम. नळीची चकती फिरवून त्यांनी मिनिटाला तीस थेंब लावले. कॅनमध्ये पाणी भरायचं ते वरच्या आणि खालच्या, दोन्ही घरांच्या फिल्टरमधून वाया जाणारं.

तिसऱ्या दिवशी त्यात एक शिंजीर बुडून मेला. दगडाची खोली नऊ इंच होती, आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी वाटून वाटून आतली बाजू गुळगुळीत करून ठेवली होती. अंगठ्याएवढ्या पक्ष्याला तिथं नखं रोवायला जागाच नव्हती. मालोजीरावांनी तो पळीनं बाहेर काढला.

“पाणी पाजायला बोलावलंत की बुडवायला?” गोजराबाई मागच्या दारातून म्हणाल्या.

त्यांनी दगडाच्या काठाला आतून टाकी लावली, पाट्याला लावतात तशी. तळात खडी आणि मंगळुरी कौलांचे तुकडे असे रचले की काठाशी अर्धा इंच पाणी राहावं आणि मधोमध दीड. स्टीलच्या पट्टीनं सहा ठिकाणी मोजून पाहिलं. त्यानंतर कुणी बुडालं नाही. थेंबांचा आवाज पक्ष्यांना लांबून कळतो, हे मालोजीरावांना त्या महिन्यात कळलं. बुलबुल आधी आला, मग शिंपी, मुनियांचा थवा, एक दयाळ. मेमध्ये हिरवा कुटुर्गा एकदाच येऊन गेला. रोज सकाळी बूच काढायचं, पाणी पपईला जाऊ द्यायचं, दगड घासायचा, पुन्हा भरायचा. यात एक दिवसही खंड नव्हता, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि पालिकेची माणसं दरवर्षी पावसाळ्यात घरोघर फिरून हेच सांगतात.

घरात त्या दगडाला सगळे तोट्टी म्हणत. म्हणजे पाण्याचं कुंड. गुरांना पाणी ठेवतात ती तोट्टी, न्हाणीत पाणी साठवतात ती तोट्टी. मालोजीरावांची आजी हाच शब्द वापरत असे.

वरच्या मजल्यावर दोन वर्षांपासून पुण्याचं एक जोडपं भाड्यानं राहत होतं. अद्वैत रोज सकाळी सातला कंपनीच्या गाडीनं व्हाइटफील्डला जाई आणि रात्री जेवायला परते. स्मिता सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच. त्यांची मुलगी भार्गवी सहा वर्षांची. घरमालक मराठी मिळाला याचं स्मिताला आधी अप्रूप वाटलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की या मराठीतली निम्मी वाक्यं तिला दुसऱ्यांदा ऐकावी लागतात. मालोजीराव तिला स्मिताक्का म्हणत. आपल्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस आपल्याला अक्का म्हणतो याचं तिला हसू येई. तिच्या माहेरी अक्का म्हणजे आत्या. ती त्यांना काका म्हणे, आणि भार्गवी गल्लीचं ऐकून अण्णा.

जूनच्या एकवीस तारखेला, शुक्रवारी, लाड नवरा-बायको संडूरला निघाले. गोजराबाईंच्या भावाकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. टूलरूममध्ये तोंडी सूचना चालत नसत, सगळं कागदावर. त्याप्रमाणे मालोजीरावांनी आदल्या दिवशी कागद घेऊन तारीखही घातली होती, आणि मग गोजराबाईंच्या गुडघ्याचं औषध आणायला ते बाहेर गेले आणि कागद कोराच राहिला. सकाळी रिक्षा दाराशी हॉर्न वाजवत होती. स्मिता भार्गवीचं दप्तर घेऊन जिना उतरत होती. मालोजीरावांनी पिशवी खांद्यावर घेत मागच्या अंगणाकडे हात केला.

“स्मिताक्का, तोट्टी तेवढी रोज मोकळी करत जा. स्वल्प पाच मिनिटांचं काम.”

“हो काका, डोन्ट वरी.”

स्मितानं फोनवर रोजचा गजर लावला. सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की ती मागच्या अंगणात जाई, फोटो काढी आणि मालोजीरावांना पाठवी. बुलबुल, मुनिया, दगडाच्या काठावर शेपटी उंचावून बसलेला दयाळ. गोजराबाईंचा गुडघा सुजला म्हणून चार दिवसांचे नऊ झाले. संडूरच्या पडवीत बसून मालोजीराव ते फोटो पाहुण्यांना दाखवत. पाचव्या दिवशीच्या फोटोत त्यांना एक गोष्ट खटकली. पाणी काठोकाठ होतं, खडी दिसत नव्हती. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग कुणीतरी पंगतीला बोलावलं. फोनच्या कोनामुळं तसं दिसत असेल, असं म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला.

तीस तारखेला, रविवारी संध्याकाळी ते परत आले, आणि सोमवारी सकाळी तोट्टीपाशी गेले. काठोकाठ पाण्यात जिऱ्याएवढ्या अळ्या वळवळत वर येत होत्या आणि त्यांची सावली पडताच खाली जात होत्या. त्यांनी बूच काढलं, पाणी उन्हातल्या सिमेंटवर पसरू दिलं, दगड चुन्यानं घासला. मग जिन्यात उभं राहून स्मिताला विचारलं, तोट्टी मोकळी करायची राहिली का.

राहिली कशी, स्मिता म्हणाली. रोज मोकळी करत होते. पूर्ण सोडायचे, पाच मिनिटं घड्याळ लावून.

“बूच काढून?”

“कसलं बूच?”

तेव्हा उलगडा झाला. स्मिताची आजी सासवडची. ती नळाच्या तोंडाला तोटी म्हणायची. तोटी सोड, तोटी बंद कर. काकांनी तोटी मोकळी करायला सांगितली म्हणून स्मितानं कॅनचा पितळी नळ रोज पाच मिनिटं पूर्ण सोडला, मग घट्ट बंद केला. कॅन संपला की दोन्ही घरांचं फिल्टरचं पाणी आणून पुन्हा भरला. दगड नऊ दिवस वरून भरत राहिला. आतलं पाणी एकदाही निघालं नाही. मालोजीराव म्हणाले की तोट्टी म्हणजे कुंड, आणि हा साधा मराठी शब्द आहे. स्मितानं फोनवर शोधून दाखवलं की हा कन्नड शब्द आहे. त्यांनी फोन हातात घेऊन दोनदा वाचलं.

“चारशे वर्षं झाली इथं येऊन,” गोजराबाई म्हणाल्या, “आणि आपण घरात कन्नड बोलतो हे सांगायला पुण्याची बाई यावी लागली.”

तिघंही हसले. स्मिता जिन्याच्या पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. त्या दिवशी जुलैची एक तारीख होती.

तीन तारखेला, बुधवारी, भार्गवीला ताप आला. शुक्रवारी रक्त तपासलं, डेंगी निघाला. शनिवारी तिला जवळच्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं. प्लेटलेट शनिवारी एक लाख दहा हजार होत्या, रविवारी सकाळी चौसष्ट हजार.

ताप आला त्याच संध्याकाळी मालोजीरावांनी तोट्टीचं बूच काढून ठेवलं आणि कॅन उतरवला होता. पण नऊ दिवसांच्या पाण्याची गोष्ट गल्लीला कळायला वेळ लागला नाही. स्मितानंच ती सांगितली. डबा घेऊन आलेल्या शेजारणीला, डॉक्टरांना, जो विचारील त्याला. लपवायचं काही तिच्या मनात आलं नाही. रविवारी गल्लीतले दोघं फाटकाशी येऊन उभे राहिले. पाखरांचे लाड करता करता पोरांच्या जिवावर बेततं, हा दगड फोडून टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. जाताना त्यातल्या एकानं पपईची चार पानं मागितली. त्याच्या भाच्यालाही डेंगी होता आणि पानांच्या रसानं प्लेटलेट वाढतात असं गल्लीत सगळे मानत. पपईला सगळं पाणी तोट्टीचंच होतं. मालोजीरावांनी कोवळी पाहून सहा पानं तोडून दिली.

दुपारी ते दवाखान्यात गेले. भार्गवी झोपली होती. तिच्या हाताला लावलेल्या सलाइनची नळी त्यांच्या कॅनला होती तशीच, चकतीसकट. त्यांची नजर तिथं गेली आणि त्यांनी नकळत थेंब मोजले. मिनिटाला अठरा.

स्मिता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “काका, मी रोज वरून भरत राहिले. रोज.”

शब्द माझा चुकला, ते म्हणाले.

“नाही. मी विचारायला हवं होतं. तोटी कशाला मोकळी करायची, असं विचारायला हवं होतं. असले प्रश्न विचारायचाच मी पगार घेते.”

अद्वैत औषधं आणायला खाली गेला होता. भार्गवीचे कपडे आणि तिची उशी आणायची होती. स्मितानं त्यांना घराची किल्ली दिली.

वरच्या घरात शिरल्यावर मालोजीरावांना फ्रिजखाली ओल दिसली. छत्तीस वर्षांची सवय. ओल कुठून येते हे बघितल्याशिवाय त्यांना पुढं जाता येईना. त्यांनी फ्रिज भिंतीपासून हातभर ओढला. मागं, मोटारीवर, बर्फाचं वितळलेलं पाणी जमायचा प्लास्टिकचा ट्रे असतो. तो भरून वाहत होता. त्यांनी खिशातला चष्मा लावला आणि फोनचा उजेड पाडला. पाण्यात अळ्या होत्या, लहान आणि मोठ्या. कडेला अळ्यांच्या रिकाम्या काती चिकटल्या होत्या, थरावर थर, आणि खालच्या थरांवर धूळ बसली होती. इथून डास उडून गेले होते, आणि ते काही या आठवड्यात नव्हे.

ते तिथंच ओट्याला टेकून उभे राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरला त्यांनी आदल्या दिवशी सगळं विचारून घेतलं होतं. अंड्यापासून डास व्हायला कमीत कमी आठ दिवस. त्या डासानं आधी एखाद्या आजारी माणसाला चावावं लागतं. मग विषाणू त्याच्या अंगात वाढायला आणखी आठ-दहा दिवस. आणि तो चावल्यावर ताप यायला चारपासून दहा दिवस. तोट्टी एकवीस तारखेच्या सकाळी त्यांनी स्वतः घासली होती. तिथला पहिला डास एकोणतीस जूनच्या आधी उडणार नव्हता, आणि जुलैची सात तारीख उलटल्याशिवाय कुणाला डेंगी देणार नव्हता. भार्गवीला ताप आला तीन तारखेला. हिशेब बसत नव्हता. तोट्टी सुटली होती.

त्यांना आधी हायसं वाटलं, हे त्यांनी पुढं गोजराबाईंपाशी कबूल केलं. ते फार वेळ टिकलं नाही. तोट्टी सुटली म्हणजे ट्रे उरला. ट्रे स्मिताच्या स्वयंपाकघरात होता, भार्गवी जिथं बसून दूध पिते त्या स्टुलापासून चार फुटांवर, आणि दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी ट्रे गच्चीवर नेला, पाणी उन्हात ओतलं, काती खरवडल्या, उकळत्या पाण्यानं दोनदा धुतला, जागेवर बसवला आणि फ्रिज ढकलून भिंतीला लावला. मग कपडे आणि उशी घेऊन दवाखान्यात गेले. तिथं ट्रेचा विषय काढला नाही.

संध्याकाळी त्यांनी गोजराबाईंना सगळं सांगितलं.

“स्मिता तिकडं नळाचा दोष उरावर घेऊन बसलीय,” गोजराबाई म्हणाल्या. “सांगा तिला.”

“मग ट्रेचा दोष घेऊन बसेल.”

“बसू दे. खरं असेल तर बसू दे.”

“तोट्टीत अर्धी चूक माझी आहे,” मालोजीराव म्हणाले. “ट्रेमध्ये माझी काहीच नाही.”

“सरी,” गोजराबाई म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या. सरी म्हणजे बरं, पण ही सरी मान्य असल्याची नव्हती, हे मालोजीरावांना कळलं.

सोमवारी सकाळी पालिकेकडून यल्लव्वा आली. ही गदगकडची बाई, आरोग्य खात्यात कामाला; त्या भागातला प्रत्येक डेंगीचा रुग्ण निघाला की त्याच्या घरी जाऊन पाणी कुठं साचलंय ते बघायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मात एक रकाना असतो, डासांची पैदास कुठं झाली त्याचा. तिनं मागचं अंगण पाहिलं, कोरड्या तोट्टीत बॅटरी मारली, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. शेजारच्या प्लॉटवर इमारत उठत होती. तिथल्या तळघरात तुंबलेलं पाणी तिनं भिंतीवरून वाकून पाहिलं आणि वहीत वेगळं टिपलं. मग म्हणाली, वरचं घर उघडा.

वर तिनं फ्रिजमागं हात घातला आणि ट्रे बाहेर ओढला. कोरडा, पांढरा स्वच्छ. तिनं तो नाकाशी नेला.

“अण्णा,” ती कन्नडात म्हणाली, “मी रोज चाळीस घरं बघते. फ्रिजचा ट्रे घासलेलं घर आज पहिलं बघितलं. घरची माणसं तर दवाखान्यात आहेत.”

मालोजीरावांनी तिला बसायला स्टूल पुढं केलं.

यल्लव्वानं ट्रे जागेवर ठेवला, स्टुलावर बसली, फॉर्म मांडीवर घेतला. रकान्यावर पेन टेकवून तिनं विचारलं, काय लिहू.

“तोट्टी लिही.”

“तोट्टीच लिहू?”

“लिही.”

तिनं लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म पुढं केला. मालोजीरावांनी चष्मा लावला, मजकूर वाचला आणि खाली सही केली. टूलरूममध्ये करत तशीच, आद्याक्षरं आधी, तारीख खाली. अंगणात पाण्याचं कुंड ठेवू नये अशी नोटीस येईल, असं सांगून यल्लव्वा गेली.

त्या रात्री भार्गवीच्या प्लेटलेट बावीस हजारांवर उतरल्या. मंगळवारी तिथंच राहिल्या. बुधवारी एकतीस झाल्या, गुरुवारी सत्तर. शुक्रवारी, बारा तारखेला, अद्वैतनं तिला उचलून जिना चढवला. तिनं वरून अण्णांना हात केला. स्मिता तिच्या मागून गेली. ती या दहा दिवसांत बारीक झाली होती, आणि जाताना तिनं अंगणाकडे मान वळवली नाही.

रविवारी सकाळी ती खाली आली. मालोजीराव मागच्या दाराशी पेपर वाचत होते. ती धुण्याच्या दगडावर बसली. यल्लव्वानं दवाखान्यात तिलाही फॉर्मची प्रत दिली होती. ती तिच्या हातात होती, घडी घालून घालून मऊ पडलेली.

“काका, मी दवाखान्यात बसून तारखा मोजल्या,” ती म्हणाली. “डॉक्टरांना विचारलं, नेटवर वाचलं. तुम्ही निघालात एकवीसला. तोट्टीतून काही बाहेर पडायला एकोणतीस. हे जुळत नाही. कसंही मोजलं तरी जुळत नाही. मग तुम्ही यावर सही कशी केलीत?”

मालोजीरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्ही थेंब मोजणारे. तुम्ही मोजलं नसेल असं होणारच नाही. आमचा फ्रिज भिंतीला चिकटून लावलाय. आम्ही तसा कधी लावत नाही. त्यात काय होतं?”

सरळ प्रश्न होता. त्यांनी सरळ उत्तर दिलं. ओल, ट्रे, अळ्या, काती, कातींवरची धूळ. शेवटी हेही सांगितलं की डास काही नाव लिहून चावत नाही. शेजारच्या तळघरातही पाणी होतं, भार्गवीची शाळा आहे, बस आहे. कुठला डास कुठला, हे कुणाला सांगता येणार नाही.

स्मितानं पपईकडे पाहिलं. खालची पानं सगळी गेली होती, शेंड्याला झुबका तेवढा उरला होता.

“मला तोट्टीच बरी वाटत होती,” ती म्हणाली.

मग उठता उठता ती म्हणाली, आणि हे तिनं आवाज न चढवता म्हटलं, “तुम्ही तो ट्रे धुतलात. मला सांगितलं नाहीत. पुढच्या महिन्यात तो परत भरला असता, काका. मी परत बघितलं नसतं. तिला परत झालं असतं तर? दुसऱ्यांदा झालेला जास्त वाईट असतो.”

ती वर गेली. मालोजीरावांच्या मांडीवर पेपर तसाच होता. टूलरूममधल्या नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत: दोष निघाला की आधी वहीत लिही, मग दुरुस्त कर, नुसता दुरुस्त केलेला दोष परत येतो. छत्तीस वर्षं सांगत आले होते. पोरीच्या आईला दुखू नये म्हणून त्यांनी तो दोष पुसून ठेवला होता, आणि पोर त्याच्यापासून चार फुटांवर दूध पिणार होती.

गोजराबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी चहा आणून ठेवला आणि चुकीच्या मापाची ती पाठ झालेली गोष्ट काढली नाही.

सोमवारी मालोजीराव पालिकेच्या आरोग्य कार्यालयात गेले. यल्लव्वा बाहेर फिरतीवर होती; दीड तास बाकावर बसले. ती आली, त्यांना बघून हसली नाही. केस बंद झाली अण्णा, ती म्हणाली, फॉर्म वर गेला. मालोजीराव म्हणाले की त्यावर माझी सही आहे आणि रकाना चुकीचा आहे. मग काय लिहू, तिनं पुन्हा तेच विचारलं, ट्रे?

“निश्चित नाही, असं लिही. आणि खाली लिही की फ्रिजच्या ट्रेमध्ये अळ्या होत्या, घरमालकानं धुतल्या, सांगितलं नाही.”

तिनं कार्यालयाची प्रत शोधून काढली, तोट्टीवर एक रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात ते लिहिलं. मालोजीरावांनी पुन्हा सही केली, त्या दिवसाची तारीख घालून. पहिली सही त्यांनी खोडू दिली नाही. चूक दिसली पाहिजे, ते म्हणाले. यल्लव्वाला त्यात काही अर्थ वाटला नाही, पण तिनं वाद घातला नाही.

सप्टेंबरमध्ये स्मिता आणि अद्वैत व्हाइटफील्डला गेले, चौदाव्या मजल्यावर. अद्वैतचा जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, असं कारण त्यांनी दिलं, आणि ते खोटं नव्हतं. सामान न्यायला माणसं आली तेव्हा स्मितानं फ्रिज ओढून ट्रे स्वतः काढला, न्हाणीत नेऊन धुतला, पुसला आणि वेगळ्या पिशवीत घातला. मालोजीराव जिन्यात उभे होते. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. ती येते म्हणाली, आणि आली नाही.

नवे भाडेकरू आले त्या दिवशी मालोजीरावांनी त्यांना कागद दिला. वर तारीख, खाली सूचना, प्रत्येकीला आकडा. पहिली सूचना फ्रिजच्या ट्रेची आहे. तो कसा काढायचा याची त्यांनी आकृती काढली आहे. कागद कन्नडात, मराठीत आणि इंग्रजीत आहे, आणि दिलेलं समजलं असं लिहून खाली सही घेतात. शेवटची सूचना मागच्या अंगणाची असणार होती. तिथं त्यांनी आकडा घातला आणि पुढं काही लिहिलं नाही.

तोट्टी अजून कढीपत्त्याखालीच आहे, बूच काढलेली. फोडायला कुणी पुन्हा आलं नाही. बुलबुल कधीमधी येतो, काठावर बसतो, आणि बुचाच्या भोकात चोच घालून बघतो.